चष्मा नवा आहे, मग संध्याकाळी डोकं का दुखतं?

वाचक लिहितात

ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ४७. राहते मुलुंडला, नोकरी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंगच्या ऑफिसात, अकाउंट्स विभागात. समोर दोन मॉनिटर, मध्ये बिलांचे कागद, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा. कॉलेजपासून लांबचा नंबर आहे. गेल्या वर्षी चाळिशी लागली म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून चांगला महागाचा प्रोग्रेसिव्ह चष्मा केला, वर ब्लू कटचे जादा पैसे दिले. कागदावर असं लिहिलंय: दोन्ही डोळे मायनस १.७५, डाव्याला मायनस ०.७५ सिलिंडर, अ‍ॅड प्लस १.५०. रस्त्यावर, गाडीत, दुकानात छान दिसतं. पण ऑफिसात दुपारी तीननंतर डोळे चुरचुरतात, मान आखडते, घरी येईपर्यंत डोकं ठणकतं. गंमत म्हणजे चष्मा काढून जरा पुढे वाकलं की आकडे स्वच्छ दिसतात, पण डोकेदुखी काही जात नाही. मानेसाठी म्हणून ऑफिसातल्या मुलाने मॉनिटरखाली कागदाच्या रिमचे दोन गठ्ठे ठेवून दिले, त्यानं त्रास वाढलाच. शेजारच्या काकू डोळ्यांचे व्यायाम करा, गुलाबपाणी घाला म्हणतात. सारखा चष्मा लावून नंबर वाढेल का? वेगळा कॉम्प्युटरचा चष्मा करावा का? आणि मुलगा १५ वर्षांचा आहे, सतत मोबाइलवर असतो. त्यालाही तसाच चष्मा करू का?

उत्तर

प्रिय मैत्रीण,

आधी एक दिलासा. तुमचे डोळे कॉम्प्युटरने खराब होत नाहीयेत. मोठ्या माणसाच्या डोळ्याला स्क्रीनमुळे कायमची इजा होत नाही. पण तुमचा त्रास खरा आहे, त्याला कारण आहे, आणि ते तुम्ही पत्रात स्वतःच लिहून पाठवलंय: चष्मा काढला की आकडे स्वच्छ दिसतात.

मायनस पावणेदोनच्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण ५७ सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. हिशोब सोपा आहे, तुम्ही अकाउंट्सवाल्या आहात, तुम्हाला लगेच पटेल: १ मीटरला नंबराने भागायचं, १ भागिले १.७५ म्हणजे ०.५७ मीटर. तुमचा मॉनिटर बहुधा ६०-६५ सेंटिमीटरवर असणार. थोडं पुढे वाकलं की तो बरोब्बर त्या ५७ च्या आत येतो. म्हणजे तुमचा उघडा डोळा हाच जवळजवळ कॉम्प्युटरचा चष्मा आहे! मग डोकं का दुखतं? कारण डाव्या डोळ्यातला तो पाऊण सिलिंडर, म्हणजे फक्त एका दिशेने लागणारा जादा नंबर. चष्मा काढला की उजवा डोळा स्वच्छ बघतो आणि डाव्याला अक्षरांच्या कडेला बारीक सावली दिसते. दिवसभर दोन डोळ्यांनी दोन तऱ्हेची चित्रं पाठवायची आणि मेंदूने ती जुळवत बसायची, यात संध्याकाळी कपाळ धरणारच. वर पुढे वाकून बसल्यामुळे पाठ-मानेचं ओझं वेगळं.

आता चष्मा लावून काय होतं ते बघू. प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग लांबचा, खालचा भाग जवळचा आणि मधला भाग कॉम्प्युटरच्या अंतराचा. हा मधला भाग चाळीच्या दोन भिंतींमधल्या बोळासारखा अरुंद असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना काच थोडी धूसर असणारच, महागातली घेतली तरी. फक्त महागात ती धूसर जागा जरा कमी असते. रस्त्यावर याचा त्रास होत नाही, कारण तिथे आपण काचेचा वरचा रुंद भाग वापरतो. ऑफिसात मात्र तुम्ही नऊ तास त्या बोळातूनच बघताय, आणि तेही दोन मॉनिटरवर. नुसती नजर वळवली तर बाजूच्या मॉनिटरवरचे आकडे पुसट, म्हणून प्रत्येक वेळी अख्खं डोकं वळवायचं. आणि मॉनिटर उंच असेल तर बोळ डोळ्यासमोर आणायला हनुवटी वर करायची. मान आखडते ती यानेच.

म्हणून ते रिमचे गठ्ठे उद्याच काढा. त्या मुलाने चांगल्या हेतूनेच ठेवले आहेत. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या उंचीला हवी हा सल्ला साध्या चष्म्याला किंवा बिनचष्म्याच्या माणसाला लागू पडतो. प्रोग्रेसिव्हवाल्याने मॉनिटर त्याहून बराच खाली ठेवायचा आणि जरासा मागे कलता करायचा. यात खर्च काही नाही आणि मानेला दोन-चार दिवसांत फरक जाणवेल. सोबत चष्मा नाकावर नीट बसतोय का तेही बघा. आपल्याकडच्या घामात फ्रेम नाकावरून घसरते, आणि प्रोग्रेसिव्ह काच तीन-चार मिलिमीटर जरी खाली आली तरी तो मधला भाग आणखी खाली जातो आणि हनुवटी आणखी वर. दुकानात नोजपॅड आणि काड्या घट्ट करून देतात. तिथे गेलातच तर काच डोळ्याच्या बाहुलीसमोर बरोबर बसली आहे का, तेही खुणा करून तपासायला सांगा. या काचांवर बारीक कोरलेल्या खुणा असतात, त्यावरून कळतं. प्रत्येक डोळ्याचं माप वेगळं घेतलेलं असावं लागतं.

तुमचा प्रोग्रेसिव्ह वाया गेलेला नाही हेही सांगते. स्टेशनवरचे इंडिकेटर, भाजीवाल्याचा काटा, लग्नातली माणसं, मोबाइलवरचा मेसेज, हे सगळं तो एका चष्म्यात देतो. तो त्यासाठीच आहे. चुकलं ते एवढंच की चष्मा करताना तुमचा मॉनिटर किती अंतरावर आहे हे कुणी विचारलं नाही. दादरला मी डोळे तपासते, तिथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा प्रश्न आधी कधीच विचारलेला नसतो. नेहमीची तपासणी दोन अंतरांवर होते: सहा मीटरवरचा तक्ता आणि ४० सेंटिमीटरवरचं पुस्तक. तुमचा दिवस जातो तो या दोन्हींच्या मधल्या अंतरावर.

तेव्हा पहिलं काम: शिवणाची टेप घेऊन ऑफिसात जा. नेहमीसारख्या आरामात बसा, मुद्दाम ताठ होऊ नका, आणि शेजारच्या मैत्रिणीला डोळ्याच्या कोपऱ्यापासून मॉनिटरपर्यंत अंतर मोजायला सांगा. दोन्ही मॉनिटरचं वेगवेगळं. मग टेबलावरच्या कागदाचं. बाजूने एक फोटोही काढून घ्या, म्हणजे मान कुठे आहे ते तपासणाऱ्याला दिसेल. दोन मॉनिटरची अंतरं वेगळी निघाली तर आधी ती सारखी करा. एक ५० वर आणि दुसरा ७५ वर असेल तर कुठलाच चष्मा तुम्हाला सुख देणार नाही.

हे आकडे घेऊन तपासणीला गेलात की काय विचारायचं ते सांगते. “मला फक्त ६५ सेंटिमीटरसाठी चष्मा हवाय, ट्रायल फ्रेम घालून त्या अंतरावर वाचून बघायचंय.” जे अंतर असेल ते सांगा. ट्रायल फ्रेम म्हणजे ती गोल, जड, काचा बदलता येणारी फ्रेम. ती घालून समोर बरोबर तेवढ्या अंतरावर काहीतरी ठेवून दहा मिनिटं वाचा. घाई करू देऊ नका. मशीनमध्ये बघून जो नंबर येतो तो फक्त सुरुवात असते. दुकानात गर्दी असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी येते म्हणा, आणि शक्यतो दमून गेलेल्या संध्याकाळी तपासणी करू नका.

अंदाज द्यायचा तर: ६५ सेंटिमीटरवर बघायला डोळ्याला सुमारे दीड नंबराचा जोर लावावा लागतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपल्याकडे एकूण साधारण तीनच्या आसपास जोर उरलेला असतो, आणि त्यातला निम्मा सतत वापरला की डोळा थकतो. म्हणून त्यातला एक आपण काचेला द्यायचा. पावणेदोनातून एक वजा, म्हणजे मायनस पाऊणच्या आसपासची काच, डाव्यात सिलिंडर पूर्ण ठेवून. शेवटचा आकडा ट्रायलवरच ठरेल, पाव-अर्ध्याने इकडेतिकडे होईल. कागद बघून काच बनवायला टाकू नका.

आता काच कुठली? दुकानात तुम्हाला तीन पर्याय सांगतील. एक, साधी एका नंबराची काच. दोन, वर कॉम्प्युटर आणि खाली वाचन असा बायफोकल. तीन, ऑफिस लेन्स नावाची काच, जी जवळपासून खोलीतल्या दीड-दोन किंवा चार मीटरपर्यंत दाखवते आणि मधला भाग प्रोग्रेसिव्हपेक्षा बराच रुंद देते. ऑफिस लेन्स उत्तम आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण तुम्हाला मी आत्ता पहिलाच पर्याय सुचवेन, सगळ्यात स्वस्त. तुमचा अ‍ॅड (म्हणजे वाचनासाठी खालच्या भागात वाढवलेला नंबर) अजून दीडच आहे. मायनस पाऊणच्या काचेतून ४० सेंटिमीटरवरचं बिल वाचायला तुमच्या डोळ्याला स्वतःचा दीडचा जोर लावावा लागेल. तो अधूनमधून लावायला हरकत नाही, आणि बिल तर तुम्ही क्षणभर बघून पुन्हा स्क्रीनकडे वळता. मोबदल्यात काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्ही मॉनिटर स्वच्छ दिसतील, डोकं वळवावं लागणार नाही. पन्नाशीनंतर अ‍ॅड दोनच्या पुढे गेला की ऑफिस लेन्सचा विचार करा.

या चष्म्याला एकच बंधन आहे: यातून लांबचं पुसट दिसेल. केबिनच्या दारात उभ्या साहेबांचा चेहरा ओळखू येईल, पण रस्ता ओलांडायला, जिने उतरायला, गाडी पकडायला हा चष्मा नको. सोपी युक्ती म्हणजे तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेवून द्या. घरी नेऊच नका. फ्रेम साधी चालेल, फक्त काच फार छोटी नको, आणि वर अँटी-रिफ्लेक्शनचा थर मात्र जरूर घ्या. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेवरून जातं, त्यासाठी दिलेले पैसे मला योग्य वाटतात.

ब्लू कटचे पैसे मात्र पुन्हा देऊ नका. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी कॉम्प्युटरवर काम करताना येणारा डोळ्यांचा थकवा साध्या काचांपेक्षा कमी होतो असं काही दिसलं नाही, निदान थोड्या दिवसांच्या वापरात तरी. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीही कॉम्प्युटरसाठी हे चष्मे सुचवत नाही. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश हा दुपारी फोर्टच्या फुटपाथवर चालताना डोळ्यांत जाणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या तुलनेत फारच थोडा असतो. तुमच्या चष्म्यावर तो थर आहे तर असू द्या, त्यानं अपाय काही नाही.

चुरचुरण्याचं कारण वेगळं आहे आणि नव्या चष्म्याने ते जाणार नाही. स्क्रीनकडे एकटक बघताना आपण पापण्या निम्म्याहून कमी वेळा मिटतो, आणि मिटतो त्याही अर्धवट. अश्रूंचा थर डोळ्यावर पसरत नाही, त्यात एसीची कोरडी हवा. बायकांमध्ये पाळी जायच्या सुमारास आणि त्यानंतर डोळे कोरडे पडण्याचं प्रमाण तसंही वाढतं, हे तुमच्या वयात लक्षात घ्यायला हवं आणि डॉक्टरांना सांगायलाही. एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल तर त्याची पट्टी वळवून घ्या, किंवा खुर्ची हलवा. अशी मागणी करताना संकोच करू नका, हे कामाचं साधन नीट मागण्यासारखंच आहे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा असं सांगतात. घड्याळ लावून बसायची गरज नाही, एक बिल संपलं की खिडकीबाहेर समोरच्या दगडी इमारतीच्या कमानीकडे बघा आणि पापण्या पूर्ण, सावकाश, पाच-सहा वेळा मिटा. पूर्ण मिटणं महत्त्वाचं.

थेंब घालायचे तर नेत्रतज्ज्ञांना विचारून फक्त वंगण देणारे, म्हणजे कृत्रिम अश्रूंचे घाला. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. बाटली उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्या. केमिस्टकडे “डोळे लाल झालेत, काहीतरी द्या” असं सांगून थेंब आणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्यात स्टिरॉइड असू शकतं. ते दोन दिवसांत आराम देतं आणि महिनोन्महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढवून काचबिंदू करतं, शिवाय मोतीबिंदूही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. गुलाबपाणीही नको. ते डोळ्यासाठी निर्जंतुक केलेलं नसतं. काकूंचं मन राखायला बंद पापण्यांवर गार पाण्याची घडी ठेवा, ती खरंच बरी वाटते.

व्यायामाने नंबर जात नाही. मायनस नंबर डोळ्याच्या लांबीमुळे असतो आणि चाळिशी डोळ्यातलं भिंग कडक होत जाण्यामुळे. बुबुळं फिरवून यातलं काहीच बदलत नाही. आणि चष्मा लावल्याने नंबर वाढतही नाही. चाळिशीचा नंबर साठीपर्यंत हळूहळू वाढतोच, चष्मा लावा की न लावा. न लावणाऱ्याचं फक्त डोकं दुखतं.

नवा चष्मा करण्याआधी एकदा नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन डोळ्यातला दाब आणि पडदा तपासून घ्या. तुमच्या वयात आणि मायनस नंबरात ते करायलाच हवं. सोबत रक्तातली साखर बघा. साखर वरखाली होत असेल तर नंबरही वरखाली होतो, मग आज केलेला चष्मा पुढच्या महिन्यात लागत नाही. खासगी तपासणी परवडत नसेल तर सायन, केईएम, नायर, जे. जे. या सगळ्या रुग्णालयांत नेत्रविभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो आणि अर्धा दिवस मोडतो, पण तपासणी पूर्ण होते. पडदा बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्या दिवशी परत ऑफिसला जायचा बेत करू नका.

काही लक्षणं मात्र चष्म्याच्या रांगेत थांबण्यासारखी नाहीत. अचानक डोळ्यापुढे विजेसारख्या रेषा चमकणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि डोळा लाल होऊन ठणकणं, एकाएकी एकाच्या जागी दोन दिसणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गाडीतल्या वेळेबद्दलही थोडं. मुलुंड ते सीएसएमटी हा वेळ डोळ्यांना विश्रांतीचा व्हायला हवा, आणि नेमका तेव्हा मोबाइल ३० सेंटिमीटरवर येतो, हलत्या डब्यात, बारीक अक्षरांत. दिवसभरातला सगळ्यात जास्त जोर डोळ्याला तिथे लागतो. निदान संध्याकाळच्या गाडीत मोबाइल पर्समध्ये राहू द्या. गाणी ऐका, गप्पा मारा, डोळे मिटून बसा.

राहता राहिला मुलगा. त्याला कॉम्प्युटरचा चष्मा नको. पंधराव्या वर्षी डोळ्यातलं भिंग मऊ असतं, ६५ काय आणि ३० काय, त्याला अंतराची अडचण नाही. त्याचा प्रश्न वेगळा आहे: या वयात मायनस नंबर सुरू होऊ शकतो किंवा भराभर वाढू शकतो, आणि तुम्हाला तो आहे म्हणजे त्यालाही यायची शक्यता थोडी जास्त. रोज उजेडात, घराबाहेर मोकळ्यावर घालवलेला वेळ मुलांमध्ये मायनस नंबर सुरू होण्याचं प्रमाण कमी करतो हे अनेक अभ्यासांत दिसलंय. दीड-दोन तास जमले तर फारच छान. क्रिकेट असो की नुसतं मित्रांबरोबर भटकणं, डोळ्याला दोन्ही सारखंच. मोबाइल कोपर ९० अंशात ठेवून धरायला सांगा, अंधारात पडून बघणं बंद करा. आणि त्याची एकदा थेंब घालून तपासणी करून घ्या, कारण या वयातल्या मुलांचा नंबर थेंबांशिवाय मोजला तर मायनस जास्त निघू शकतो. थेंबांमुळे त्या दिवशी, कधी दुसऱ्या दिवशीही, जवळचं वाचता येत नाही. तेव्हा शनिवारी न्या, आणि परीक्षेचा आठवडा सोडून.